कातळीची मुळं

पाली, जि. रत्नागिरी
१४ जुलै

निशू बाय,

काल लावणी उरकली. शेताच्या तिन्ही दळ्यांत यंदाही आपलं जुनं कातळी भातच लावलं. खालच्या मोठ्या दळीत शेजारच्या भागोजीने टिलर फिरवून दिला, वरच्या दोन मी आणि शेजारच्या मैनाने कुदळीने केल्या. वर माती वीतभर आणि खाली लगेच कातळ, तिथे टिलरचे दात वाजतात म्हणे. मला कुठले वाजायचे. भागोजी कपाळाला हात लावतो तेव्हा मला कळतं की वाजले.

कान गेल्याला हा तिसरा पावसाळा. पाऊस आता मला दिसतो आणि अंगाला लागतो, एवढंच. त्याची मला सवय झाली आहे. उलट कधी कधी वाटतं, आवाज गेल्यापासून जमीन जवळ आली. दळीत हात घातला की चिखल बोटांभोवती बसतो, आणि मी किती वेळ तशीच वाकून राहते. मैना मागून पदर ओढते, खुणांनी म्हणते, मावशी, तिथेच रुजून राहाल.

परवा दुपारी जेवून जरा पडले तर स्वप्न पडलं. मी दळीच्या खाली चालत होते. वर भात उभा होता आणि त्याची मुळं खाली लोंबत होती, पांढरी, ओली, दाट. तुझी आई जिवंत असल्यासारखी माझ्या पुढे चालत होती. वाळत घातलेले कपडे हाताने बाजूला सारतो तशी ती मुळं बाजूला सारत जात होती, मागे न बघता. मी “गंगे” अशी हाक मारली आणि माझी हाक मलाच ऐकू आली. म्हणून समजलं की हे स्वप्न आहे.

माझ्या दीपेशचं तुला ठाऊक आहे. विरारहून दर रविवारी मैनाच्या फोनवर बोलतो आणि मैना मला खुणांनी सांगते. हे शेवटचं भात, असं त्याने सांगितलं आहे. पुढच्या वर्षी तिन्ही दळ्यांत काजूची कलमं. मी विचारलं, निशूच्या प्रयोगशाळेतली मोठी माणसं जर म्हणाली की ही कातळी राखायला हवी, तर? तो म्हणाला, तर राखू. तेवढा शब्द मी घेऊन ठेवला आहे. आता ते तुमच्याकडे.

तुझ्या कागदावर लिहिल्याप्रमाणे पाच रोपांची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवते आहे. गेल्या वर्षीसारखीच चांगली करून पाठवली आहेत.

तुझी,
कमळामावशी


पुणे
२५ जुलै

मावशी,

मुळं मिळाली. पार्सलच्या दोऱ्याची तुझी गाठ कोणाला सुटत नाही. आमच्या प्रयोगशाळेतली मुलं ती माझ्यासाठी राखून ठेवतात.

तू विचारलं होतंस की आम्ही मुळांत नेमकं काय बघतो. सांगते. अकरा गावांतली अकरा जुनी भातं आमच्याकडे आली आहेत. दिवाळीनंतर त्यातली तीन निवडायची आहेत. ती तीन पुढची पाच वर्षं आमच्या प्लॉटवर आणि शेतकऱ्यांकडे वाढतील. बाकीच्यांचं बी थंड खोलीत बंद होईल. आजकाल पाऊस मध्येच दहा-बारा दिवस दडी मारतो. अशा वेळी कोणतं भात तग धरतं ते शोधायचं, तेही जास्त खत-पाणी न घालता.

आपण सगळे मिळून आरे-वारेच्या समुद्रावर गेलो होतो ते आठवतं? पाण्यातून बाहेर आलो की ओल्या पायाला वाळूचा मोजा चढायचा. काही मुळांना तसाच मातीचा मोजा असतो. मुळाच्या टोकाशी बारीक लव असते आणि बुळबुळीत रस असतो, त्याला माती धरून राहते. बाहेरची जमीन सुकली तरी त्या मोज्यात ओल टिकते. तो रस मुळाच्या पेशींच्या भिंतींतून येतो. भिंत म्हटलं की आपल्याला चिरा आणि गिलावा आठवतो, पण ही भिंत जिवंत असते. वाढायचं झालं की ती स्वतःला जरा सैल करते, लांब होते, आणि पुन्हा घट्ट होते. आत कोण, बाहेर कोण हे ठरवते, तरी बाहेरच्याशी देणंघेणं बंद करत नाही. मी इतकी वर्षं हे बघते आहे आणि अजून मला त्याचं नवल वाटतं.

गेल्या वर्षीचे आकडे अजून पक्के झालेले नाहीत. सप्टेंबरात फुलोऱ्यावर असताना आणखी एकदा मुळं पाठव. दुसऱ्या गावांत आमचा माणूस जातो. तुझ्याकडे मी कोणाला पाठवत नाही, तुझ्यासारखं काढून कोणाला जमणार.

आई स्वप्नात पुढे चालत होती, मग तुला दिसली का? तिचा चेहरा?

निशू


पाली
५ सप्टेंबर

निशू बाय,

नाही, चेहरा दिसला नाही. नुसती पाठ आणि अंबाडा. पण तिचीच पाठ होती.

गणपती आले, गौरी आल्या, गेले. दीपेश आठ दिवस होता. लेकीला, सानवीला, घेऊन आला होता. पोर आठ वर्षांची झाली, माझ्याशी बोलताना तोंड मोठं मोठं उघडते, जणू मी तिच्या तोंडातले दात मोजणार आहे.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. खरं तर मुद्दामच सांगितलं नव्हतं. जुलैत चिखलणीच्या दिवशी मी मेरेजवळ, बांधाच्या कडेला, वाकले होते आणि भागोजीचा टिलर मागे येत होता. तो ओरडला असणार. मला काही कळलं नाही. मैनाने लुगड्याला धरून ओढलं म्हणून वाचले, नुसती टाच खरचटली. हे भागोजीने आरतीनंतर प्रसाद खाता खाता दीपेशला सांगून टाकलं. मला वाटलं दीपेश आता रागावेल. त्याने प्रसाद संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन दळीत गेला आणि काजूच्या खड्ड्यांची मापं घेऊन आला. मग पाटीवर लिहून दाखवलं, “विरारला गावचा फोन आला की माझे हात गार पडतात, आये.”

पण हेही ऐक. श्रावणात बारा दिवस पावसाचा थेंब नव्हता. वरच्या दळ्यांना भेगा पडल्या. भागोजीचं विकतचं बियाणं पिवळं पडलं, दोनदा पंप लावला तरी मान टाकून होतं. आपली कातळी पानांच्या सुरळ्या करून गप्प उभी होती. तेराव्या दिवशी पाऊस आला तर तिसऱ्या दिवशी सुरळ्या उघडल्या. मी मेरेवर बसून बघत होते. एकेक पान उघडताना हलतं गो, वारा नसला तरी.

फुलोऱ्यावरची मुळं सोबत आहेत. मन लावून केली आहेत. दीपेश निघताना परत विचारून गेला, निशूचं काही आलं का?

कमळामावशी


पुणे
२१ सप्टेंबर

मावशी,

मुळं मिळाली. फार सुंदर आहेत. त्यांचे केसाहून बारीक काप करतात, त्यावर एक रंग घालतात आणि खोली अंधारी करून भिंगाखाली बघतात. मग पेशींच्या भिंती हिरव्या उजळतात. मावशी, तुझी मुळं उजळली तेव्हा मी जेवायला जायचं विसरले. दूरवरून एखादं गाव दिसावं, सगळ्या घरांत दिवे लागलेले आणि रस्त्यावर कोणी नाही, तसं दिसतं. वाटलं, एखाद्या दारावर टकटक केली तर तू उघडशील.

आकडे यायचे आहेत. दीपेशला इतक्यात काही सांगू नकोस. टाचेला काय लावतेस? मला तेव्हाच कळवायला हवं होतंस.

निशू


पाली
५ ऑक्टोबर

निशू बाय,

टाच केव्हाच भरली.

तू शाळेत असताना गणितात मार्क कमी पडले की घरी येऊन बाईंचं अक्षर किती वळणदार आहे ते सांगायचीस. मी तेव्हाही समजायचे. तुझं पत्र वाचलं, दोनदा वाचलं. दिव्यांचं गाव फार छान लिहिलं आहेस. कातळी निवडीत बसत नाही, होय ना?

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं काम तू प्रामाणिकपणे करतेस, माझ्यासाठी आकडे थोडेच बदलणार. मीच तसं करू देणार नाही. दसऱ्याला कापणी सुरू केली, काल झोडणी झाली. पेंढा रचून ठेवला. दाणा यंदा भरलेला आहे, लाल तजेलदार. दीपेशला मैनाकडून निरोप पाठवला, की ये आणि खड्डे मारून घे. ओल आहे तोवरच कातळ फुटतो, उन्हाळ्यात पहारीला दाद देत नाही. तो दिवाळीच्या आधी येतो म्हणाला आहे.

निरोप पाठवून मी दळीत जाऊन उभी राहिले. वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. नुसतं पायांना गार लागत होतं, आणि मला वाटत होतं की मी उभी आहे तिथून खाली, खूप खाली, कोणीतरी दारं लावून घेत आहे.

एक विचारते. माझ्याकडून काही कमी पडलं का? मुळं मी दर वेळी नीट करूनच पाठवली. लावणीआधी तरव्याची रोपं झोडतो तशी आधी पायावर झोडली. मग ओढ्यावर, आपल्या पऱ्ह्यावर, नेऊन तीन पाण्यांत धुतली. शेवटच्या पाण्यात एकेक तंतू बोटांनी सोडवून चोळला, मातीचा कण राहू दिला नाही. गेल्या वर्षीही तशीच. तरी काही राहिलं असेल तर सांग, मनाला लागतं.

कमळामावशी


पुणे
११ ऑक्टोबर

मावशी,

हे स्पीड पोस्टने पाठवते आहे. मैनाच्या फोनवरही सांगितलं होतं, पण तिने खुणांनी तुला काय सांगितलं असेल देव जाणे. म्हणून नीट लिहिते. खड्डे मारू देऊ नकोस. दीपेश आला तर त्याला हे पत्र वाचायला दे.

आम्ही मातीच मोजतो, मावशी.

मूळ काढायचं, हलकेच झटकायचं, आणि तरीही जी माती त्याला धरून राहते तिचं वजन करायचं. त्यावरून कळतं मोजा किती जाड आहे. बाकीच्या दहा गावांतून आलेली मुळं मातीने माखलेली होती. तुझी दोन वर्षं शून्य आली. मी कागदावर लिहिलं, “या वाणाचं मूळ माती धरत नाही.” खाली माझी सही आहे. गेल्या वर्षीचे आकडे पक्के व्हायचे आहेत असं मी तुला जुलैत लिहिलं ते खोटं होतं. ते पक्के झाले होते. तुला सांगायचं धाडस झालं नाही.

आमच्या छापील सूचनांत “मुळं काळजीपूर्वक काढून ओल्या फडक्यात गुंडाळा” असं आहे. धुऊ नका असं कुठेही नाही. तशी गरज कोणाला वाटलीच नाही. आणि मला शंका यायला हवी होती. शेतातून इतकी स्वच्छ मुळं येत नाहीत. दुसऱ्या कोणाची आली असती तर मी त्याच दिवशी फोन करून विचारलं असतं. पण पाकिटावर तुझं अक्षर दिसलं की मी काही तपासत नाही.

आता काय करता येईल ते सांगते. कापलेल्या भाताच्या धसांना, त्या खुंटांना, ओलीवर फुटवे आले असतील. त्या फुटव्यांची मुळं जिवंत असतात. पाच धसं मातीच्या गड्ड्यासकट, बालदीत, वर ओलं गोणपाट टाकून मला हवी आहेत. त्यावरून कातळी चांगली आहे असं सिद्ध होणार नाही. पण मी लिहिलं ते चूक होतं एवढं कळेल, आणि तेवढ्यावर मला माझा कागद मागे घेता येईल. पोस्टाने नको, गड्डा फुटेल. मीच आले असते, पण निवडीची बैठक चोवीसला आहे आणि त्याआधी मला इथून कोणी सोडत नाही.

तू मुळं का धुतलीस, मावशी? मी तर आपल्या दळीत वाढले. मातीचं मला काय वाटणार होतं?

निशू


पाली
१८ ऑक्टोबर

निशू बाय,

हे पत्र दीपेशच्या हाती देते आहे. तो आंघोळीला गेला आहे तोवर लिहिते.

तो काल पहारीवाली दोन माणसं घेऊन आला. तुझं पत्र मी परवापासून कमरेला खोचून ठेवलं होतं. दळीतच त्याला दिलं. तो मेरेवर बसून वाचू लागला, माणसं उभी राहिली, एकाने तंबाखू मळून दोघांना वाटली, तरी याचं वाचणं संपेना. मग उठून त्याने त्यांना वर कातळाच्या सड्याच्या कडेला नेलं, जिथे कधी काही पिकलं नाही, तिथे खुणा करून दिल्या. परत आला तो पँट वर दुमडून.

धसं त्यानेच काढली. मी पुढे झाले तर मला हाताने थांबवलं. शहरात राहून त्याला काय जमणार असं मला वाटत होतं. पण कुदळ लांब धरून चारी बाजूंनी कापत आला आणि मग दोन्ही हात खाली घालून गड्डा अलगद उचलला, बाळंतिणीच्या खोलीतून पोर उचलून आणावं तसा. पाचही तशीच. आणि मग माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, मला ओठांवरून कळलं, “आये, आता पऱ्ह्यावर नेऊ नको हां.”

तू विचारलंस का धुतली. लिहू की नको असं दोन दिवस चाललं आहे. लिहिते.

तू पुण्याला पहिल्या वर्षाला होतीस. मी नाचणीचं पीठ आणि सुकट घेऊन तुझ्या होस्टेलला आले होते. लावणी टाकून आले होते, एसटी पकडायची म्हणून घाईत, पायांच्या भेगांत चिखल वाळलेला. तुझ्या खोलीच्या दारात तुझ्या तीन-चार मैत्रिणी उभ्या होत्या. तू माझ्या पायांकडे बघितलंस आणि म्हणालीस, “तिकडे नळ आहे, आधी पाय धुऊन ये, इथे माती आणू नकोस.” मी धुऊन आले. तू मला पंख्याखाली बसवलंस, चहा आणलास, काही कमी केलं नाहीस. तुझ्या लक्षातही नसेल. सतरा-अठराचं वय, त्या वयात पोरींना कशाकशाची लाज वाटते. मी रागावले नाही, आजही नाही. पण मी मनाशी ठरवलं, की माझ्या हातून तुझ्या दारात पुन्हा माती जाणार नाही.

एवढंच आहे ते. तू त्याचा फार विचार करत बसू नकोस. दीपेश आला, थांबते.

कमळामावशी


पुणे
३० ऑक्टोबर

मावशी,

दीपेश वीस तारखेला दुपारी बालदी घेऊन दारात उभा राहिला. कंडक्टरने बालदी टपावर टाकायला सांगितली, तर याने मांडीवर घेतली, आणि स्वारगेटपर्यंत शेजारच्या बाईंना सांगत आला की हे भात प्रयोगशाळेत चाललं आहे. बाईंना वाटलं ते आजारी आहे, भात. त्यांनी विचारलं, “कोणता डॉक्टर?” दीपेशने माझं नाव सांगितलं.

मी त्याच्यासमोरच एक धस सोडवलं. हलकेच झटकलं. माती सुटली, आणि मग सुटायची थांबली. प्रत्येक फुटव्याच्या मुळावर तांबडा मोजा तसाच राहिला. मी पुन्हा झटकलं, जरा जोरात. तरी राहिला. वजन केलं तर मुळापेक्षा माती सहापट निघाली. दीपेश विचारत होता की हे चांगलं की वाईट, आणि मी वजनाचा आकडा पुन्हा तपासत होते.

चोवीसला बैठकीत मी उभी राहून सांगितलं की कातळीचे दोन वर्षांचे आकडे माझ्या चुकीमुळे रद्द करावेत. मोठे साहेब रागावले. दोन वर्षं एकाच गावातून शून्य येतं आणि तुम्ही एकदाही जाऊन बघत नाही, असं म्हणाले. बरोबरच होतं ते. तीन जागा दुसऱ्या भातांना गेल्या. पण कातळीसाठी एक वर्ष निवड उघडी ठेवली आहे. पुढच्या पावसाळ्यात मोजणी पुन्हा होईल, जागेवर, आणि ती मी स्वतः करायची. म्हणजे पुढच्या वर्षी दळीत कातळी हवी. ती त्यानंतरही राहील की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. मी हे सगळं दीपेशलाही असंच, काही न लपवता, कळवलं आहे.

होस्टेलचं मला आठवतं, मावशी. शब्दन् शब्द. तू नळाकडे गेलीस तेव्हा तुझी पाठ दिसत होती, आणि मला तुला हाक मारायची होती, मैत्रिणी होत्या म्हणून मी मारली नाही. तू विसरली असशील असं मी वीस वर्षं धरून चालले. तुला आठवत नाही असं मला वाटत होतं, मला आठवत नाही असं तुला. मातीवर मी एवढं शिकले, आणि हे बोलायला मला तुझ्या पत्राची वाट बघावी लागली.

माझं चुकलं होतं. जूनच्या शेवटी मी लावणीला येते. महिनाभर रजा टाकली आहे.

निशू


पाली
९ नोव्हेंबर

निशू बाय,

पत्र वाचलं. तुझ्या चुकीचं जे लिहिलंस ते वाचून मी पऱ्ह्यावर जाऊन बसले. पाणी आता घोट्यापर्यंतच आहे, खालचे गोटे दिसतात. उठले तेव्हा अंग हलकं वाटलं. आता तो विषय तूही सोड.

साहेब रागावले त्याचं काही मनावर घेऊ नकोस. जूनमध्ये येशील तेव्हा मी त्यांना फणसाचं सांदण देते, तू घेऊन जा.

दीपेश शनिवारी परत आला, एका दिवसासाठी. सड्याच्या कडेला चौदा खड्डे झाले आहेत, तिथे पावसाळ्यात काजूची कलमं लावेल. तिन्ही दळ्या मोकळ्या ठेवल्या. भागोजीला त्याने बजावलं आहे की टिलर चालेल त्या दिवशी आये दळीत उतरणार नाही, आणि मला पाटीवर लिहून सही करायला लावली. मी केली. तो पोटतिडकीने सांगतो आहे हे मला कळतं.

दुपारी आम्ही दोघं अंगणात बियाणं निवडत बसलो होतो. यंदाच्या लाल दाण्यातला भरीव दाणा वेगळा काढायचा, पोचट बाजूला. त्याला लहानपणी हे फार कंटाळवाणं वाटायचं. आता मान खाली घालून निवडत होता. मध्येच थांबला, माझ्या गुडघ्याला हात लावला, मी बघितल्यावर विचारलं, “आये, आणि पुढच्या वर्षीही ते नको म्हणाले, तर?”

मी म्हटलं, “तर खाऊ. भात आहे तो.”

तो हसायला लागला. मला ऐकू आलं नाही, पण सूप त्याच्या मांडीवर हलत होतं आणि निवडलेले दाणे परत एकमेकांत मिसळत होते.

कमळामावशी